सीटवर कोणी नाही

ट्रॅक्टरच्या मते सीटवर कोणी नव्हतं.

ऑरिन टेस्डाल स्वतः त्या सीटवर बसला होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर, टोपी डोक्यावर. तरीही दहा फूट पुढे जाऊन इंजिन नवव्यांदा बंद पडलं. समोरच्या छोट्या पडद्यावर रिकाम्या खुर्चीचं चित्र आलं आणि त्याखाली 'चालक नाही' अशी अक्षरं लुकलुकू लागली. ऑरिनने मान वाकवून स्वतःच्या मांड्यांकडे पाहिलं. मांड्या होत्या. पूर्वीइतक्या नव्हत्या, पण होत्या.

तो गुरुवार होता. शनिवारी सकाळी दहाला मेमोरियल डे या हुतात्म्यांच्या स्मृतिदिनासाठी माजी सैनिक येऊन थडग्यांवर छोटे झेंडे रोवणार होते, त्यांच्या मागून सगळं गाव जिरेनियमच्या कुंड्या घेऊन येणार होतं, आणि त्याच्या आत चर्चमागच्या दोन एकर दफनभूमीचं गवत कापून व्हायला हवं होतं. हे काम बावीस वर्षं ऑरिन फुकट करत आला होता. पण यंदा शहरातल्या एका कंपनीने चर्चच्या समितीला पत्र पाठवलं होतं. समितीने ठरवलं, या शनिवारी गवत वेळेवर कापलेलं दिसलं तर ठीक, नाहीतर जूनपासून काम कंपनीला. कंपनीची पोरं कानात गाणी लावून वाऱ्यासारखी यंत्रं पळवतात हे ऑरिनने शेजारच्या गावात पाहिलं होतं. ऑक्टोबरात त्याने आपल्या बायकोला, आर्डिसला, तिथे पुरलं होतं. तिच्यावरून कोणा परक्याचं चाक फिरू नये, एवढंच त्याचं म्हणणं होतं. हे म्हणणं त्याने कोणालाही सांगितलं नव्हतं, कारण आमच्या स्कोगन रिजमध्ये असलं काही कोणी सांगत नाही. विस्कॉन्सिनच्या या कोपऱ्यात माणसाचं घर पेटलं तरी तो शेजाऱ्याला 'जरा ऊब आहे' एवढंच म्हणेल.

ऑरिनचा खरा ट्रॅक्टर हा नव्हेच. त्याचा खरा ट्रॅक्टर शेडमध्ये ताडपत्रीखाली होता. सन सहासष्टचा, लाल, बागेत चालवायचा छोटेखानी ट्रॅक्टर. तो बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती. त्याच जातीचे दोन मेलेले ट्रॅक्टर शेडमागे सुट्या भागांसाठी उभे होते, आणि अडतीस वर्षांत त्यांचे इतके अवयव लाल ट्रॅक्टरमध्ये गेले होते की नेमका जिवंत कोणता हे ऑरिनलाच ठाऊक. तो सुरू करायचा तर चोक अर्धा ओढायचा, स्टार्टरला पान्याची एक चापट मारायची आणि थोडा वेळ दुसरीकडे बघायचं. शेजारचा व्हर्लिन दर चार वर्षांनी नवा ट्रॅक्टर आणायचा आणि ऑरिन दर चार वर्षांनी कुंपणावरून मान हलवायचा. "तुझं ते धूड रोज बिघडतं," व्हर्लिन म्हणायचा. "बिघडतं, पण मला दुरुस्त करता येतं," ऑरिन म्हणायचा, "तुझं बिघडलं की तू फोन लावतोस." तीस वर्षं हेच वाक्य, तीच कॉफी.

आर्डिस त्या ट्रॅक्टरला आपली सवत म्हणायची. दहा-बारा वर्षांपूर्वी ऑरिन वाटेतली फांदी उचलायला खाली उतरला आणि सवत त्याच्याशिवाय पुढे निघून गेली. वाटाण्याच्या वाफ्यातून, वाळत घातलेल्या टॉवेलांच्या दोरीसकट, थेट व्हर्लिनच्या तळ्यात. पाण्यात शिरल्यावरही ती थोडा वेळ चालू होती, हे ऑरिन आजही छाती फुगवून सांगतो. त्या दिवसापासून आर्डिसने एक नेम धरला. तो ट्रॅक्टरवर असेपर्यंत ती स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवून कान तिकडे लावून बसायची. आवाज जरा बदलला की हातातलं काम टाकून दारात यायची. तो चर्चकडे गेला की तीही विणकाम घेऊन चर्चच्या पायरीवर येऊन बसायची. सीटवरचा भार उठला की इंजिन बंद करायचं जे काम नव्या ट्रॅक्टरांमध्ये सीटखालचा स्विच करतो, ते काम ही बाई कानांनी करत होती.

आणि म्हणूनच हॉस्पिटलमध्ये तिने त्याच्याकडून वचन घेतलं. "मी गेल्यावर तिच्यावर एकट्याने बसायचं नाहीस," ती म्हणाली होती. "ऐकायला कोणी असणार नाही." ऑरिनने मान डोलावली होती. एप्रिलमध्ये मिनिआपोलिसहून त्यांची मुलगी लोर्ना आली, तिने सवतीवर ताडपत्री घातली आणि बापाला हा नवा, हिरवा, शहाणा ट्रॅक्टर घेऊन दिला.

त्या शहाण्याला ऑरिन दिसतच नव्हता. त्याने दुकानात फोन लावला. पलीकडच्या मुलीने गोड आवाजात विचारलं की चालक सीटवर नीट टेकून बसतो का. मग विचारलं की चालकाचं वजन किती. ऑरिनने लग्नातल्या कोटाच्या मापावरून आठवून एकशेऐंशी पौंड सांगितलं. मुलगी म्हणाली, मग वजनाचा प्रश्न नाही, स्विचच गेलाय, कारागीर तीन आठवड्यांनी येईल. ऑरिनने फोन ठेवला. आतल्या खोलीतल्या काट्याने त्याला एकशेसत्तावीस दाखवल्याला महिना झाला होता, पण काटाही त्याने नवाच आणलेला होता आणि नव्या वस्तूंवर त्याचा विश्वास नव्हता.

दूध कारखान्यात चाळीस वर्षं यंत्रं दुरुस्त केलेल्या माणसाला एका स्विचचं काय ते. त्याने सीटखालच्या दोन वायरी सोलून एकमेकींना जोडल्या. अंगठ्याला चटका बसला, पडद्यावरची रिकामी खुर्ची लाल झाली आणि ट्रॅक्टर पार मुका झाला. पाचच मिनिटांत लोर्नाचा फोन आला.

"बाबा, ट्रॅक्टरच्या वायरींना कोणी हात लावला?"

"उंदीर," ऑरिन म्हणाला. "तुला कसं कळलं?"

"तो माझ्या मोबाइलला जोडलाय. सगळं कळवतो मला. सकाळपासून 'चालक नाही' असे एक्केचाळीस निरोप आलेत. सारखे उतरताय कशाला?"

"फुलं आलीत. बघायला उतरतो."

ऑरिन फुलं बघायला एकदाही उतरलेला नाही हे लोर्नाला जन्मापासून माहीत होतं. तिने पुढचा, नेहमीचा प्रश्न विचारला, जेवताय ना. ऑरिनने नेहमीचं उत्तर दिलं, भरपूर. ती म्हणाली, उद्या दुपारी येते. ऑरिनच्या पोटात गोळा आला, आणि गेल्या सात महिन्यांत त्याच्या पोटात आलेली ती सर्वांत जड वस्तू असावी.

वायरी पुन्हा होत्या तशा लावून तो अंगठ्यासाठी बर्फ काढायला फ्रीझरपाशी गेला. फ्रीझर उघडला तर बर्फाला जागाच नव्हती. आमच्याकडे कोणाच्या घरी मृत्यू झाला की चर्चच्या बायका हॉटडिश पोचवतात. खिमा, नूडल्स, मश्रूमचं सूप, वर बटाटे, सगळं एका काचेच्या भांड्यात घालून ओव्हनमध्ये भाजलेलं. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव असतं, म्हणजे भांडं रिकामं करून, घासून, आभाराच्या चिठ्ठीसह परत करता येतं. ऑरिनने चिठ्ठ्या सगळ्यांना पाठवल्या होत्या. भांडी तेवीसच्या तेवीस फ्रीझरमध्ये होती, भरलेली. आर्डिसच्या खुर्चीसमोर बसून काही घशाखाली उतरत नव्हतं. तो टोस्ट आणि कॉफीवर जगत होता, तेही ओट्यापाशी उभ्याने. आपली भांडी येत नाहीत हे बायकांच्या लक्षात आलं होतं. पण विचारणार कोण? सगळ्या मूग गिळून बसल्या होत्या.

ऑरिनने वरचं भांडं बाजूला ठेवायला उचललं आणि हातात धरून तसाच उभा राहिला. पाच पौंड तरी होतं.

शुक्रवारी सकाळी तो बदकांच्या शिकारीचा जाड कोट घालून दफनभूमीत हजर झाला. त्या कोटाला मारलेली बदकं ठेवायला पाठीवर मोठा खिसा असतो आणि पुढे दोन. त्यात मिळून सात हॉटडिश बसल्या, दगडासारख्या गोठलेल्या. ऑरिन सीटवर टेकला. ट्रॅक्टरने क्षणभर विचार केला. मग रिकामी खुर्ची पडद्यावरून गेली आणि इंजिन जे सुरू झालं ते बंद पडायचं नावच घेईना.

यंत्र झकास होतं हे कबूल करायला हवं. ऑरिनने मनातल्या मनात केलंही. अकरापर्यंत निम्म्याहून अधिक दफनभूमी गालिच्यासारखी झाली. पण ऊन चढलं तसा कोट तापला आणि नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारीतल्या हॉटडिश पाठीवर हळूहळू वितळू लागल्या. मश्रूमचा रस्सा कंबरेपाशी आला, तिथून सीटवर, सीटवरून खाली. ऑरिनने दुर्लक्ष केलं. आर्डिसच्या थडग्यापाशी कोणीतरी आधीच कुंडी आणून ठेवली होती. ती हलवायला तो उतरला, वाकला आणि पुन्हा सरळ होताना पाठीवरच्या वीस-बावीस पौंडांनी त्याला मागे ओढलं. तो उताणा पडला. ट्रॅक्टर आज्ञाधारकपणे थांबला. पडद्यावर 'चालक नाही' आलं. या वेळी मात्र ते खरं होतं.

ऑरिनने पाय झाडले, कुशीवर वळायचा प्रयत्न केला. कोट हलेना. मग त्याने प्रयत्न सोडला. खरं सांगायचं तर त्याला उठावंसंही वाटेना. वर मेपलची पानं होती, डाव्या हाताला आर्डिस होती, इतक्या जवळ तो ऑक्टोबरनंतर पहिल्यांदाच आला होता. इथेच राहायला काय हरकत आहे, असं त्याच्या मनात आलं. त्याने डोळे मिटले.

पण शहाण्या ट्रॅक्टरने लोर्नाला निरोप धाडला होता. उतरल्याचा निरोप आला आणि पुन्हा बसल्याचा येईना, तेव्हा रस्त्यातूनच तिने व्हर्लिनला फोन केला. व्हर्लिन समितीचा अध्यक्ष, त्यामुळे तो तसाही गवत बघायला निघाला होता. त्याच वेळी चर्चच्या बायका दुसऱ्या दिवशीच्या कॉफीची तयारी करायला आल्या होत्या, त्याही त्याच्या मागे निघाल्या.

"ऑरिन," व्हर्लिन वरून म्हणाला.

"हं."

"पडलास?"

"उतरलो होतो. मग जरा मागे झालो."

"आणि कोट?"

"सकाळी गार होतं."

व्हर्लिनने कोटाच्या गुंड्या सोडल्या, त्याच्या काखेत हात घातले आणि पाय रोवून चांगला जोर काढला. एवढ्या जोराची गरजच नव्हती. कोट जमिनीवर राहिला आणि ऑरिन असा वर आला की व्हर्लिनच मागे कोलमडता कोलमडता वाचला. तीस वर्षं ज्याच्याशी वाद घातला तो माणूस त्याच्या हातात होता आणि हाताला काही लागतच नव्हतं. व्हर्लिनचा चेहरा उतरला.

"अरे लेका," तो हळूच म्हणाला, "तू गेलास कुठे सगळा?"

कोटातून भांडी घरंगळून गवतात पडली होती आणि बायकांमधली मिर्ना त्यातलं एक उचलून बुडाची पट्टी वाचत होती. मग दुसरीने आपलं उचललं. मग तिसरीने. कोणाच्या आजोबांच्या थडग्यावर नूडल्स होत्या, त्या कोणीतरी रुमालाने टिपल्या.

"ही माझी," मिर्ना शेवटी म्हणाली. "नोव्हेंबरातली, थँक्सगिव्हिंगच्या आधीची. चिठ्ठीत तू लिहिलं होतंस, दोनदा वाढून घेतली म्हणून."

"कांदा छान लागला होता, असंही लिहिलं होतं," ऑरिन म्हणाला.

"मी कांदा घालत नाही, ऑरिन."

ऑरिनने मान खाली घातली. आमच्या गावात एवढं उघड बोलणं म्हणजे हाणामारीच. पण मिर्ना तिथेच थांबली नाही. तिचाही नवरा तिथेच, चार ओळी पलीकडे होता. ती म्हणाली की तो गेल्यावर तिनेही वर्षभर सिंकपाशी उभ्याने खाल्लं होतं, आणि कोणीतरी समोर येऊन बसावं असं तिला रोज वाटायचं. सगळ्यांनी भांडी आणून दिली. बसलं कोणीच नाही. एवढं बोलून ती आपलं भांडं गवताने पुसत बसली.

तेवढ्यात लोर्ना पोचली. तिने बापाकडे पाहिलं, त्याच्या पँटवरच्या रश्श्याकडे पाहिलं, भांड्यांकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. रडायचं तिने नंतरवर ठेवलं. आधी गवत. व्हर्लिन म्हणाला, उरलेलं मी कापतो, माझ्या वजनाबद्दल आजवर कोणत्याही यंत्राने शंका घेतलेली नाही. तो आपल्या दोनशे साठ पौंडांसह शहाण्या ट्रॅक्टरवर बसला. ट्रॅक्टरने त्यालाही ओळखलं नाही. सीटखालच्या स्विचमध्ये मश्रूमचा रस्सा गेला होता. व्हर्लिनचा स्वतःचा नवा ट्रॅक्टर दुकानात होता, सोमवारपासून, फोन लावलेला.

"लाल आहे की," व्हर्लिन म्हणाला. हे शब्द त्याच्या तोंडून तीस वर्षांत प्रथमच बाहेर पडले, आणि पडताना त्याला त्रास झाल्याचं दिसत होतं.

"नाही," ऑरिन म्हणाला. "मी तुझ्या आईला शब्द दिलाय, लोर्ना. त्या लालवर बसायचं नाही म्हणून."

"काय म्हणाली होती आई? नीट सांगा."

"एकटा बसू नकोस म्हणाली होती. ऐकायला कोणी नसेल म्हणून."

लोर्नाने आजूबाजूला पाहिलं. "बाबा," ती म्हणाली, "मोजा आम्हाला."

शनिवारी सकाळी सात वाजता व्हर्लिनच्या ट्रेलरवरून सवत दफनभूमीत आली. चोक अर्धा ओढला, स्टार्टरला पान्याची चापट बसली, सगळ्यांनी दुसरीकडे पाहिलं. काळा धूर आला आणि ती खोकत खोकत सुरू झाली. ऑरिन वर चढला. त्याचं वजन तिने विचारलं नाही. चर्चच्या पायऱ्यांवर लोर्ना, व्हर्लिन, मिर्ना आणि आणखी सहा जणी ओळीने बसल्या, मांडीवर ताटल्या घेऊन आणि कान तिकडे लावून. आर्डिसची जागा कोणती होती ते सगळ्यांना माहीत होतं. ती सोडून बसले होते. मध्येच एकदा आवाज बदलला. नऊच्या नऊ जण ताटल्या हातात घेऊन उभे राहिले. ऑरिन फक्त एक कुंडी हलवायला थांबला होता. त्याने पायऱ्यांवर उभी राहिलेली ती रांग पाहिली, टोपी जरा पुढे ओढली आणि बराच वेळ तशीच ठेवली. दहाला दहा मिनिटं कमी असताना काम संपलं.

जूनमध्ये समितीने कंपनीला नकार कळवला. बाकीचं कागदावर कुठेही नाही. दर गुरुवारी ऑरिन लाल ट्रॅक्टरने गवत कापतो आणि दोघं-तिघं पायरीवर बसून ऐकतात. त्यानंतर ज्या बाईची पाळी असेल ती हॉटडिश घेऊन त्याच्या घरी जाते, टेबलापाशी बसते, स्वतः जेवते, आणि भांडं रिकामं झाल्यावर सोबत घेऊनच परत निघते. व्हर्लिन पाळी नसतानाही जातो. शहाणा ट्रॅक्टर दुरुस्त होऊन आला, पण ऑरिनने सगळ्यांना सांगून टाकलं की त्या यंत्राला आपण अजूनही दिसत नाही. मग लाल ट्रॅक्टर हवाच, आणि तो हवा तर ऐकायला माणसंही हवीतच.

सप्टेंबरातल्या एका सकाळी, आसपास कोणी नाही असं बघून, ऑरिनने शहाण्यावरची ताडपत्री काढली आणि त्यावर बसला. नुसत्या शर्टात, खिसे रिकामे. इंजिन सुरू झालं. दहा फूट गेलं, वीस गेलं. त्याने परसातलं सगळं गवत चाळीस मिनिटांत कापलं, अगदी खड्ड्यांवरूनसुद्धा, आणि एकदाही बंद पडलं नाही. मग त्याने ट्रॅक्टर शेडमध्ये लावला, ताडपत्री होती तशी घातली आणि चाकांना चिकटलेलं गवतसुद्धा पुसून काढलं. दुपारी मिर्नाने चौकशी केली तेव्हा तो खिन्न चेहरा करून म्हणाला की नाही गं, अजून काही ओळख देत नाही. मिर्नाने त्याच्या ताटात आणखी एक डाव वाढला.

एक गोष्ट मात्र तो साफ विसरला होता. मिनिआपोलिसच्या ऑफिसात सकाळीच लोर्नाचा मोबाइल थरथरला होता. पडद्यावर भरलेल्या खुर्चीचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, 'चालक सीटवर आहे. चाळीस मिनिटं.' तिने ते दोनदा वाचलं. मग बाहेरच्या जिन्यात जाऊन थोडा वेळ उभी राहिली. संध्याकाळी तिने फोन केला.

"सकाळी काय केलंत, बाबा?"

"काही नाही," ऑरिन म्हणाला. "बसलो होतो नुसता."

"बरं केलंत," लोर्ना म्हणाली, आणि पुढच्या गुरुवारी कोणाची पाळी आहे ते विचारू लागली.